केशरचे बिऱ्हाड

आमच्या घराण्यात साप पाळण्याची चाल नाही, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. आमच्या घराण्यात सापाचे नाव घेण्याचीही चाल नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या मूळ घरी दिवेलागणीनंतर कोणी सापाविषयी बोलू लागला तर आजी त्यास तेथल्या तेथे गप्प करी. बोलणे भागच पडले तर ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणावयाचे, आणि कोणास दंश झाला तर ‘पान लागले’ एवढेच सांगावयाचे, असा दंडक होता. अशा घरात वाढलेल्या आम्हांस वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तेही इंग्लंडात, एका सापाचे बिऱ्हाड स्वतःच्या हाताने थाटावे लागेल असे भाकीत कोणी केले असते, तर त्या ज्योतिष्यास आम्ही दक्षिणा दिली नसती.

आमचे चिरंजीव रेडिंग शहरी नोकरीनिमित्त बारा वर्षांपासून राहतात. पाहुण्यांस तेथे एका वेळी सहा महिने राहण्याची मुभा असते. त्याप्रमाणे आम्ही उभयता मे महिन्यात तिकडे गेलो. घरात चिरंजीव, सूनबाई, शिक्षणासाठी आलेला आमचा पुतण्या आणि बारा वर्षांची नात, असे आम्ही सहा जण. जाऊन आठवडाही झाला नसेल, तोच एके दिवशी रात्रीच्या जेवणाच्या वेळी नातीने प्रस्ताव मांडला की आपणांस एक साप हवा आहे. सौभाग्यवतींच्या हातातील पळी आमटीतच राहिली.

तिला हवा होता तो ‘कॉर्न स्नेक’ नावाचा अमेरिकन साप. अमेरिकेच्या आग्नेय भागात तो सापडतो व मक्याच्या कोठारांच्या आसपास उंदरांमागे फिरतो. तो बिनविषारी आहे. भक्ष्यास वेटोळ्यात आवळून मारतो, चार फुटांच्या आसपास वाढतो, आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. आमच्याकडील धामण जशी उंदीर खाऊन शेतकऱ्यावर उपकार करते आणि तरी काठीच खाते, तशातलाच हा प्रकार. इंग्लंडात तो पाळण्यास परवाना लागत नाही. मात्र तेथील २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याप्रमाणे सोळा वर्षांखालील मुलास कोणताही प्राणी विकता येत नाही. जबाबदारी घरातील मोठ्या माणसाने घ्यावी लागते. म्हणजे प्रश्न एकट्या नातीचा उरला नाही, सर्व घराचा झाला.

घरात मते घेण्यात आली. चिरंजीव अनुकूल होते. पुतण्या तर त्याहून अनुकूल, कारण काम त्याच्याकडे येणार नव्हते. सूनबाईंनी अट घातली की बिऱ्हाडाचा एकंदर खर्च शंभर पौंडांच्या आत बसला पाहिजे. सौभाग्यवतींची अट स्वयंपाकघरापुरती होती. ती पुढे येईलच. आम्ही मत दिले नाही. त्या रात्री पुण्यास आमच्या थोरल्या बंधूंना, म्हणजे दादांना, दूरध्वनी केला व सहज म्हणून ही गोष्ट सांगितली. दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “आत्येला विसरलास काय?” आम्ही बोलणे आवरते घेतले.

मत दिले नाही तरी काम मात्र आमच्याच गळ्यात आले. चाळीस वर्षे शाळेत गणित शिकविलेला माणूस घरात रिकामा बसलेला पाहून सूनबाईंनी हिशेबाची वही आमच्या हाती दिली. आम्ही नातीस घेऊन एका दुकानात गेलो. तेथे दर्शनी काच, आतून खडकाचे देखावे, वर दिवे, असा तयार संच मांडला होता. किंमत आमच्या मर्यादेच्या दुप्पट. आमच्या मुलुखात एवढ्या पैशांत एके काळी लग्ने लागली आहेत. आम्ही तोंड फिरविले. परंतु नातीने वाटेत जे सांगितले त्याने आमचे कान टवकारले. अंड्यातून निघून दोन महिने झालेले पिल्लू पेन्सिलीएवढे जाड आणि हातभरही लांब नसते. त्यास मोठ्या मोकळ्या जागेत टाकले तर ते बुजते, खाणे सोडते. त्यास लागते ती चार गोष्टींची सोय: लपावयास जागा, ऊब आणि गारवा दोन्ही, स्वच्छ पाणी, आणि पक्के झाकण. “बाकीचं सगळं आपल्याला बघायला असतं, आजोबा,” ती म्हणाली.

हे वाक्य आम्हांस पटले. आमच्या काटकसरीस त्याने शास्त्राधार दिला.

मग शाळेच्या उन्हाळी सुटीत आम्ही आजोबा-नात कामास लागलो. घरगुती सामान ठेवण्याची, चाळीस लिटर मापाची, सुमारे अडीच फूट लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची पेटी चौदा पौंडांस मिळाली. तिचे झाकण चारी बाजूंनी कड्यांनी आवळून बसते, म्हणून तीच निवडली. दोन्ही लांब बाजूंस तापल्या सळईने हवेसाठी छिद्रे पाडली. ही छिद्रे आतून बाहेर पाडावयाची, म्हणजे वितळलेल्या प्लॅस्टिकची बोचरी कड आत राहून सापास खरचटत नाही. आणि प्रत्येक छिद्र पिल्लाच्या डोक्याहून पुष्कळच लहान असले पाहिजे. कारण जेथे डोके शिरते तेथून सबंध साप जातो. तळाशी साधा शोषककागद घातला. मळला की बदलता येतो, आणि विष्ठा नीट झाली की नाही हेही दिसते. पुढे अ‍ॅस्पेन झाडाचा भुसा घालता येतो. देवदाराचा मात्र कधीही नाही, त्याचा उग्र वास सापाच्या श्वासास बाधतो.

लपण्याच्या दोन जागा हव्या होत्या, एक उबेच्या बाजूस व एक गारव्याच्या. एकच ठेवली तर सापास ऊब आणि आडोसा यांपैकी एकच निवडावे लागते. दुकानात नकली गुहा दहा-दहा पौंडांस होत्या. सौभाग्यवतींनी श्रीखंडाचे दोन रिकामे डबे काढून दिले. ते उपडे घालून कडेस दारे कापली व कडा घासून गुळगुळीत केल्या. जागा ऐसपैस नको, पिल्लाच्या अंगास चारी बाजूंनी लागेल अशी हवी, असे नात म्हणाली. तेव्हा आणखी लहान दोन डबे शोधले. मोठ्या डब्यांच्या सोयीसाठी त्या आठवड्यात पुन्हा श्रीखंड झाले होते, त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. पाण्यासाठी धर्मादाय संस्थेच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून चिनी मातीची जड वाटी एका पौंडास आणली. हलकी असती तर उलथली असती.

आता उबेचा प्रश्न. साप स्वतःच्या अंगात उष्णता निर्माण करीत नाही. तो उबेत जाऊन तापतो, गारव्यात जाऊन निवतो, आणि त्याचे अन्नपचन त्या उबेवर अवलंबून असते. म्हणून पेटीच्या एका टोकास सुमारे तीस अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकास चोवीसच्या आसपास, अशी व्यवस्था लागते. त्यासाठी विजेवर तापणारी पातळ चटई मिळते. ती तेरा पौंडांस घेतली व पेटीखाली एक-तृतीयांश भागापुरती ठेवली. नातीच्या यादीत पुढील वस्तू तापनियंत्रक, म्हणजे थर्मोस्टॅट, ही होती. किंमत अठ्ठावीस पौंड. आम्ही ती वस्तू यादीतून खोडली. चटई ती चटई, तिला आणखी पहारेकरी कशाला? हात लावून पाहू, फार तापली तर बटण बंद करू, असा आमचा युक्तिवाद. नात काही बोलली नाही. तिने आपल्या खाऊच्या पैशांतून पाच-पाच पौंडांचे दोन तापमापक आणले आणि पेटीत दोन टोकांस ठेवले.

सुदैवाने साप आणण्यापूर्वी रिकामी पेटी दोन-तीन दिवस चालवून पाहावी असा परिपाठ आहे. पहिल्या दिवशी आम्ही तीन वेळा हात लावला. चटई कोमट होती. दुसऱ्या दिवशी ऊन पडले, खोली तापली, आणि आम्ही दुपारी झोपलो. चार वाजता नात हलक्या आवाजात म्हणाली, “आजोबा, जरा येऊन बघा.” उबेच्या टोकाच्या तापमापकावर चव्वेचाळीस अंश दिसत होते. साप आत असता तर पोटाखाली भाजते आहे हे ओळखून तो वेळीच बाजूस होईलच, असा भरवसा नसतो. अशा चटयांवर पोट भाजलेले साप पशुवैद्यांकडे येतात. आमच्या अठ्ठावीस पौंडांच्या बचतीचा हा परिणाम एका जिवाच्या अंगावर निघाला असता. आम्ही काही न बोलता कोट चढविला व दुकान बंद होण्यापूर्वी नियंत्रक घेऊन आलो. त्याचे संवेदक टोक चटई व पेटी यांच्यामध्ये बसविले. त्यानंतर तीसचा आकडा फारसा हलला नाही.

खाण्याचा प्रश्न सर्वांत अवघड ठरला. साप दूध पितो ही आमच्या नागपंचमीची समजूत खरी नाही. तो मांसाहारी आहे, आणि कोणत्याही संस्काराने तो शाकाहारी होणार नाही. पिल्लास दर पाच-सात दिवसांनी एक बारकेसे उंदराचे पिल्लू लागते. ते गोठविलेले विकत मिळते. जिवंत देऊ नये, कारण एक तर ते क्रूर, आणि दुसरे म्हणजे उंदीर मोठा असल्यास सापासच चावतो. आमच्या घरात अंडे येत नाही. तेथे शीतपेटीत आंब्याच्या रसाशेजारी उंदीर राहणार ही कल्पना सौभाग्यवतींस सहन होणे शक्यच नव्हते, आणि आम्हांसही नाही. नातीने रडून काही मागितले नाही. ती म्हणाली, “आजी, त्याला दुसरं काही चालतच नाही. आपण त्याला उपाशी ठेवणार असू तर आणायलाच नको.” सौभाग्यवती विचारात पडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तोडगा काढला. शेजारच्या म्हाताऱ्या बाई आपली लहान शीतपेटी पंचवीस पौंडांस काढणार होत्या. ती घेऊन परसातील लाकडी खोपटात ठेवावी, उंदीर तेथेच राहावेत, तेथेच वेगळ्या बरणीत कोमट पाण्याने निवळावेत, त्या बरणीने व लांब चिमट्याने घराचा उंबरा ओलांडू नये. चिमटा चार पौंडांस आला. नात पेटीस तेथे घेऊन जाई व भरवून परत आणी. सापास हात लावल्यानंतर साबणाने हात धुतल्याखेरीज कशासही शिवावयाचे नाही, हा नियमही झाला. हा केवळ सोवळ्याचा प्रकार नव्हता. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात, आणि पशुवैद्यही हेच सांगतात.

सप्टेंबरात पिल्लू आले. त्याची किंमत, पंचेचाळीस पौंड, नातीने वाढदिवसाच्या साठलेल्या पैशांतून दिली. पावतीवर सही चिरंजीवांची. रंग नारिंगी, पाठीवर तांबूस ठिपके. घरात राहणाऱ्यास नाव हवे असे सौभाग्यवती म्हणाल्या, आणि त्यांनीच ‘केशर’ हे नाव ठेवले. पहिला आठवडा तिला कोणी शिवले नाही. नव्या जागेत रुळू देतात. आठव्या दिवशी तिने पहिला घास घेतला, आणि त्यानंतर दोन दिवस पुन्हा कोणी हात लावला नाही, कारण खाल्ल्यावर हाताळले तर साप अन्न उलटून टाकतो. नात हे सर्व वहीत लिहून ठेवी. आम्ही दुरूनच पाहत असू.

दुरून पाहणाराही चूक करतो. एके रात्री आम्हांस झोप येईना. ती आत आहे की नाही या शंकेने आम्ही उठलो, झाकण उचलून पाहिले, श्रीखंडाच्या डब्यातून शेपटीचे टोक दिसले, तेव्हा झाकण लावून परत निजलो. चारपैकी एक कडी आमच्याकडून बसली नव्हती. सकाळी पेटी रिकामी होती.

आम्ही लगेच अपराध कबूल केला. नात आम्हांस एक शब्दही बोलली नाही, परंतु शाळेत जाताना तिने डबा नेला नाही. दोन दिवस घर पालथे घातले. फटी, पुस्तके, बुटांचे जोड, सर्व पाहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघेच होतो. तिकडील घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असते व त्यात धुतलेले कपडे वाळत ठेवतात. सौभाग्यवती तेथे पंचे काढावयास गेल्या आणि तेथूनच म्हणाल्या, “अहो, इकडे या. घाई करू नका.” त्यांच्या घडी केलेल्या शालीत केशर वेटोळे घालून बसली होती. ऊब शोधीत ती आपोआप योग्य जागी पोचली होती.

चिमटा खोपटात होता. तो आणीपर्यंत ती नळामागे गेली असती. सौभाग्यवतींनी विजेरी धरली. आम्ही हात पुढे केला. तो कापत होता, हे लपविण्यात अर्थ नाही. बोटांस जे लागले ते बुळबुळीत नव्हते, थंडही नव्हते. कोरडे, मऊ आणि टाकीच्या उबेने कोमट होते. ती आमच्या तर्जनीभोवती फिरली व तशीच स्थिर राहिली. आम्ही तिला पेटीत ठेवली, चारी कड्या लावल्या, पुन्हा मोजल्या, आणि मग जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो.

त्या संध्याकाळी आम्ही नातीस आत्येची गोष्ट सांगितली. १९६१ साली आम्ही आठ वर्षांचे होतो. आत्या बालविधवा, आमच्याच घरी राहत असे. आम्हां भावंडांस तिनेच वाढविले. पावसाच्या तोंडी परसातील ढासळलेला गडगा रचताना दगडाखाली फुरसे होते, ते तिच्या बोटास डसले. एवढेसे ते जनावर. गावच्या मांत्रिकास बोलावले. तो रात्रभर मंत्र घालीत बसला. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा गाडी जुंपली. तालुक्याच्या इस्पितळात पोचेतो फार उशीर झाला होता. चौथ्या दिवशी आत्या गेली.

नातीने सर्व ऐकून घेतले. मग विचारले, “पण आजोबा, तिला पहिल्याच दिवशी दवाखान्यात का नाही नेलं?”

हा प्रश्न साठांहून अधिक वर्षांत आमच्या घरात कोणी विचारला नव्हता. सर्पविषावरील औषध त्या काळीही मुंबईस परळच्या हाफकिन संस्थेत तयार होत होते. ते तालुक्यास त्या दिवशी होते की नव्हते, हे पाहावयास कोणी वेळेवर गेलेच नाही. आम्ही दोष सगळा त्या जनावरास दिला, त्याचे नाव घेणे वर्ज्य केले, आणि त्या मौनात वडीलधाऱ्यांचा तो एक दिवसही झाकला गेला. आम्ही नातीस म्हणालो, “न्यायला हवं होतं. चुकलं आमच्या घराचं.” हे शब्द उच्चारताना आम्हांस वाटले त्याहून कमी कष्ट पडले.

आता हिशेब. पेटी चौदा, चटई तेरा, नियंत्रक अठ्ठावीस, तापमापक दहा, वाटी एक, चिमटा चार, शीतपेटी पंचवीस. एकूण पंच्याण्णव पौंड. उरलेले पाच एका डब्यात टाकले आहेत, कारण हे पहिले बिऱ्हाड वर्षभराचेच. केशर चार फुटांची झाली की तिला अंग सरळ पसरता येईल एवढे लांब घर लागेल, आणि तोपर्यंत तो डबा भरावयाचा आहे. पहिल्या घरात काटकसर कोठे करावी, याचा धडा आम्ही अठ्ठावीस पौंडांस शिकलो: जे आपल्या डोळ्यांसाठी आहे त्यात खुशाल करावी, ज्यावर जीव तगतो ती ऊब आणि ते झाकण यांत पैची करू नये.

हे वाचून आमच्याकडील कोणा उत्साही मुलाने धामण वा नाग पेटीत घालू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडील साप पकडणे व पाळणे गुन्हा आहे. परदेशी जातींपैकी ज्या त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात, त्यांची नोंद करणे २०२४ च्या नियमांनी आवश्यक केले आहे. घरात साप निघाला तर वनखात्यास किंवा सर्पमित्रास कळवावे. आणि कोणास पान लागलेच तर चिरू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाची वाट पाहू नये. तो अवयव हलू न देता तडक इस्पितळ गाठावे. ह्या एका वाक्यासाठीच हा सारा लेख लिहिला आहे असे कोणी म्हटले तर आम्ही ना म्हणणार नाही.

ऑक्टोबरअखेर आम्ही पुण्यास परतलो. आत्येविषयी नातीने काय विचारले, ते दादांना सांगितले. ते ऐकून उठून आत गेले. पुढे आठ दिवस त्या गोष्टीचा उल्लेख झाला नाही. परवा दिवेलागण झाली होती, देवापुढे समई लावलेली होती, आणि दादा आरामखुर्चीतून म्हणाले, “अरे, रेडिंगला दूरध्वनी कर. त्या सापाचे खाणेपिणे ठीक चालले आहे ना, ते विचार.”